खंड्या, मानस आणि लिलाव

खंड्या बघायचा असेल तर कॅमेरा घरी ठेवून भाजी आणायला निघावं. गोव्यात हा उपाय हमखास लागू पडतो. शेताकडेच्या विजेच्या तारेवर, पंचायतीच्या फलकावर, कुणाच्या तरी बंद पडलेल्या होडीच्या टोकावर पांढऱ्या गळ्याचा खंड्या अगदी फुरसतीत बसलेला असतो. स्कूटर थांबवा, हॉर्न वाजवा, जाता जाता त्याला नमस्कार करा, तो ढिम्म हलत नाही. पण गळ्यात सहाशे मिलिमीटरची लेन्स अडकवून त्याच रस्त्यावर उतरा! कॅमेऱ्याचं बटण सापडेपर्यंत तो माडांच्या पलीकडे गेलेला असतो, वर खिंकाळल्यासारखं हसत.

आता तारेवर बसतो तर तिथलाच काढा की फोटो, असं आमच्या घरचं मत आहे. घरच्यांना कसं सांगायचं की तारेवरचा पक्षी हा आमच्या जगात पक्षीच धरत नाहीत. तार चालत नाही, खांब चालत नाही, प्लास्टिकचा पाइप तर नाहीच. पक्षी शेवाळलेल्या वाकड्या फांदीवर हवा, मागची हिरवळ लोण्यासारखी धूसर हवी, ऊन कोवळं हवं. त्यात खंड्याचा निळा म्हणजे मुळात रंगद्रव्यच नव्हे. पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो म्हणून तो निळा दिसतो. ऊन नीट पडलं तर पाठीवर विजेसारखी निळी रेघ, नाहीतर काळपट काहीतरी. खंड्याला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला खाली पाणी आणि पाण्यात मासा एवढंच कळतं.

भारतात खंड्याच्या डझनभर जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच गोव्यात भेटतात. झुआरी नदीच्या खारफुटीत होडीनं फिरलं की पांढरी कॉलरवाला दिसतो. म्हणजे होडीवाल्याला दिसतो. तो "थंय, थंय!" करतो, आपण लेन्स फिरवतो, होडी डुलते आणि फोटोत चिखल येतो. मग तो हळहळून म्हणतो, "आतांच आशिल्लो मरे हांगा!" म्हणजे आत्ताच तर होता इथं. गोव्यातल्या पक्षी छायाचित्रणाचा सगळा इतिहास या एका वाक्यात मावतो.

तिबोटी खंड्याची तऱ्हा आणखी वेगळी. हा पाऊस घेऊन येतो. जूनमध्ये ओहोळाकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून संसार मांडतो. चिमणीहूनही लहान, जांभळा-केशरी, जणू कुणी होळीचे उरलेले रंग एकाच पक्ष्यावर संपवून टाकले. त्याच्यासाठी मोल्याच्या बाजूच्या रानात गेलं की आधी जळवा स्वागताला येतात. गाडीतल्या गारव्यातून बाहेर काढलेल्या लेन्सवर धुकं चढतं, ते पुसावं तर चष्म्यावर चढतं. एवढं करून दरडीसमोर पोचावं तर तिथं ट्रायपॉडची रांग, लग्नात जेवणाच्या पंगतीला धरावी तशी जागा धरलेली. समोर ते दोन जीव चोचीत पाल घेऊन फांदीवर खोळंबलेले, कारण माणसं बिळासमोरून हलत नाहीत आणि आत पोरं उपाशी. अशा ठिकाणी मी थांबत नाही. दुसऱ्याच्या दारात उभं राहून त्याच्या पोरांचं जेवण अडवायचं आणि वर त्याला निसर्गप्रेम म्हणायचं, हे आपल्याला जमत नाही. शिवाय रांगेत जागाही नसते.

म्हणून मी मानस धरली. खाजन शेती म्हणजे खाडीचं पाणी बांधानं अडवून केलेली शेती. तिच्या बांधात लाकडी दरवाजा असतो, तीच मानस. भरती आली की पाण्याच्या रेट्यानं तो आपोआप मिटतो, ओहोटीला उघडतो. उघडला की आतलं पाणी धो धो बाहेर पडतं आणि त्याबरोबर मासळीही. हे गणित माझ्याआधी खंड्याला ठाऊक होतं. ओहोटी लागली की छोटा खंड्या तिथल्या खुंटावर येऊन बसतो. वजन जेमतेम तीस ग्रॅम, रुबाब जमीनदाराचा. सूर मारण्याआधी डोकं दोनदा वर-खाली करतो, जणू अंतर मोजतो. तेवढीच आपल्याला सूचना. मग मी सेकंदाच्या 2,500व्या भागाचा वेग लावून बटण दाबून धरतो आणि घरी जाऊन बघतो तर पहिल्या फोटोत खंड्या, दुसऱ्यात शेपूट, तिसऱ्यात नुसता खुंट आणि पुढच्या सगळ्यांत पाण्यावरची वलयं. जपानी लोकांनी याच्या चोचीवरून बुलेट ट्रेनचं नाक बनवलं. 1997 मध्ये ती गाडी ताशी 300 किलोमीटरनं पळायला लागली, बोगद्यातून निघताना होणारा धडाकाही कमी झाला. त्यांना चोच तरी मिळाली.

मानशीवर एकांत मिळेल हा समजही फार टिकला नाही. फिरायला निघालेले काका थांबतात. "काय, मासे गरवताय?" नाही म्हटलं तर "मग हा कॅमेरा किती किलोमीटरपर्यंत बघतो?" आणि शेवटी हटकून "केवढ्याला पडला?" खरी किंमत सांगायची नाही हे मी घरीच शिकलोय. काका मोठ्यानं बोलतात आणि खंड्या उठून जातो. काका म्हणतात, "गेला वाटतं."

पण खरा मालक वेगळाच. मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावात जातो आणि तो घेतलेला इसम ओहोटीच्या वेळी जाळं लावायला हजर असतो. हा गृहस्थ खंड्याकडे ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं आपण खिसेकापूकडे बघतो. "पात्रांव, तुम्ही त्याचे फोटो काढता, तो माझी मासळी काढतो," त्यानं पहिल्याच भेटीत सुनावलं. "मी लिलावात पैसे मोजलेत. त्यानं काय मोजलं?" मी म्हटलं, अहो, एवढासा जीव, खाऊन खाऊन किती खाणार? तर म्हणाला, रोज खातो, आणि बायकोला पण आणतो. हे मात्र खरं होतं. नर मादीला मासा भरवतो, डोकं पुढं करून, म्हणजे तिला गिळायला सोपं जावं. हा हिशेब त्याच्याकडे माझ्याहून चोख होता.

त्या दिवशी मात्र जमलं. खंड्या मासा घेऊन वर आला, खुंटावर बसला आणि त्याला डावीकडे-उजवीकडे आपटायला लागला. मी दाबत सुटलो. पडद्यावर बघितलं तर एकच फोटो लख्ख. फोकस मात्र माशावर. खवला न् खवला मोजून घ्यावा, डोळ्यातली चमकसुद्धा आलेली. आणि मागे खंड्याच्या जागी निळा-केशरी डाग.

तो जाळं सोडून माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. "शेवटो!" त्यानं मासा ओळखला. "पिल्लू हा. वाढला असता तर…" मनातल्या मनात भाव लावून झाला. मग मला म्हणाला, हा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर घाला, पुढच्या लिलावाला दाखवतो, रक्कम कमी करा म्हणून सांगतो.

मी म्हटलं, अहो, पण यात खंड्या नीट आलेलाच नाही.

"तो नसला म्हणून काय झालं," तो म्हणाला, "तातूंत तारीख-वेळ दिसता न्हय?"