भामरागड शहरी आहे म्हणे!

आजचं ट्रेनिंग डोक्यात गेलंय, म्हणून लिहितेय. लांबलचक आहे, कंटाळा आला तर पुढे सरका.

आरोग्याचा सर्व्हे आहे. टॅबवर अगदी सुरुवातीलाच प्रश्न: वस्ती कोणती? ग्रामीण असेल तर १, शहरी असेल तर २. मी सहज विचारलं, "सर, भामरागड?" त्यांनी यादीत पाहिलं. "नगरपंचायत आहे ना मॅडम, मग २ टाका." आणि पुढच्या प्रश्नावर गेलेसुद्धा.

माझी मामी राहते हो तिथे, गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाला! इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा, तीन नद्यांच्या बेचक्यात. इंद्रावती भरली की पर्लकोटा मागे फुगते, जुना पूल पाण्याखाली जातो आणि तालुका तुटतो. अशाच एका ऑगस्टात मामाचा हर्निया अडकला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लागेल, ताबडतोब खाली न्या. बरोबरच म्हणाले. पण न्यायचं कुठून? मामी रात्रभर पुलाच्या अलीकडे जीपमध्ये बसून होती, मामाचं डोकं मांडीवर. पलीकडे १०८ उभी. तिचे दिवे दिसत होते म्हणे.

शहरी. कोड २.

आता हे शहर ठरतं कसं ते ऐका. नगरपालिका, नगरपंचायत, कॅन्टोन्मेंट असलं की जनगणनेत ते आपोआप शहर. २०१५ च्या सुमारास आपल्याकडे तालुक्याच्या गावांच्या धडाधड नगरपंचायती झाल्या, पाटी बदलली, संपलं. पाटी नसेल तर तीन अटी: ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला ४०० माणसं आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर. पुरुष हं! बायका रोवणीला जातात की ऑफिसात, शहर ठरवताना कोणी विचारत नाही. आणि दवाखाना किती लांब, हे तर यात कुठेच नाही. तिकडे आयटी पार्कवाल्या हिंजवडीचा कारभार वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीकडे. गंमत म्हणजे नगरपंचायतीच्या गावातसुद्धा सरकारी दवाखान्याच्या पाटीवर 'ग्रामीण रुग्णालय'च लिहिलेलं असतं.

बरं, व्याख्या सगळीकडे एकच हवी, नाहीतर जुन्या आकड्यांशी तुलना कशी करणार. मान्य. पर्लकोटेवर नवा पूल बांधायला घेतला, तेही मान्य.

पण सरकारला फरक कळत नाही असं नाही ना! प्राथमिक आरोग्य केंद्र मैदानी भागात ३०,००० लोकांमागे एक आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० मागे एक, हा नियम याच देशात आहे. ऑस्ट्रेलियात तर १ ते ७ अशा पायऱ्या केल्यात, ७ म्हणजे अतिदुर्गम, आणि डॉक्टरला जादा पैसे किती ते त्यावरून ठरतं. आपल्याकडे एक की दोन. मधलं काही नाही, पलीकडचं काही नाही. उद्या या सर्व्हेचे आकडे येतील, भामरागडच्या बायका नागपूरच्या धरमपेठेतल्या बायकांबरोबर एकाच रकान्यात बसतील, सरासरी छान दिसेल, आणि कोणीतरी म्हणेल, शहरी भागात सोयी पुरेशा आहेत.

जेवणाच्या सुट्टीत सरांशी भांडले. बिचारे तेही कंत्राटावरच. म्हणाले, "मॅडम, माझं गाव कोरचीकडे, गडचिरोलीच्याच दुसऱ्या टोकाला. मला काय सांगता?" मग दोघंही गप्प जेवलो. त्यांच्यावर चिडले त्याचं आता वाईट वाटतंय.

मामा वाचला. सकाळी पाणी थोडं उतरल्यावर डोंग्यातून पलीकडे नेला, आतड्याचा तुकडा मात्र कापावा लागला. मामी अजून पुलावरून जाताना त्या जागी बोलायची थांबते.

फॉर्मच्या शेवटी शेऱ्याचा रकाना आहे, शंभर अक्षरांचा. सर म्हणाले, तो कोणी वाचत नाही. मघाशी टाईप करून बघितलं: 'पुरात पूल पाण्याखाली. पेशंट अलीकडे, १०८ पलीकडे. रात्रभर.' मावतंय.