एक फोन म्हणजे एक सहभागी नव्हे

मोबाइल ॲपवरून आरोग्याचं संशोधन करण्याबद्दलच्या तुमच्या लेखात म्हटलंय की तयार टूलकिट (असं ॲप बनवायचे तयार सॉफ्टवेअर-भाग) घेतलं की नोंदणी, संमती, प्रश्नावली सगळं आयतं मिळतं, संशोधकाने फक्त प्रश्न भरायचे. ॲपलने २०१५ मध्ये रिसर्चकिट हे असं टूलकिट आणलं तेव्हापासून आयफोनपुरतं हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण आमच्याकडे काम अडलं ते नेमकं तिथेच. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्या मजुरांच्या श्वसनाच्या तक्रारी नोंदवायला आम्ही ॲप बनवत होतो. पेठ-सुरगाण्याहून गोडी छाटणीला (फळांसाठी होणारी वेलींची छाटणी) आलेल्या मजुरांच्या घरात अँड्रॉइड फोन एकच, तोही बहुतेक वेळ मुलाच्या हातात. आम्ही घेतलेलं टूलकिट एक फोन म्हणजे एक माणूस असंच धरून चालायचं. सुनेने भरलेला खोकला सासऱ्याच्या नावावर जमा व्हायचा!

संमतीचंही तेच. पडद्यावर बोटाने सही करा, एवढीच सोय. लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा घ्यायचा तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे त्रयस्थ साक्षीदार लागतो. तो टप्पा, मजकूर मोठ्याने वाचून दाखवणं, रेंज नसताना उत्तरं फोनमध्येच साठवून ठेवणं, हे सगळं आम्हाला मुळापासून लिहावं लागलं आणि बहुतेक वेळ त्यातच गेला. टूलकिट निवडणाऱ्यांनी प्रश्नांचे प्रकार किती, ते नंतर बघावं. एका फोनवर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं उघडतं का आणि मध्ये आपला टप्पा घालता येतो का, हे आधी तपासावं. लेखाच्या पुढच्या भागात यावर जरूर लिहा.