उजव्या भुवईचं माहेर

सध्या माझी उजवी भुवई डावीपेक्षा एक सूत वर आहे. सुतारकामातलं सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. दाराच्या चौकटीत एवढा फरक निघाला तर सुतार रंधा मारून मोकळा होतो. माझ्या भुवईवर रंधा आधीच मारून झालाय, त्यामुळे केस उगवायची वाट बघण्यापलीकडे हातात काही नाही. आणि हे सगळं झालं ते एका अशा बाईच्या चारित्र्यावरून, जी मुळात अस्तित्वातच नाही.

ठाण्यातल्या पाचपाखाडीतलं पार्लर. एक खोली, दोन खुर्च्या, एक सोफा, भिंतीवर टीव्ही. दुपारी अडीचला गेले, कारण तेव्हा गर्दी नसते. पण तेव्हा आदल्या रात्रीच्या मालिका पुन्हा दाखवतात, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. मालिकेचं नाव सांगत नाही, सांगून फरकही पडायचा नाही. नवरा, बायको आणि ऑफिसातली ती.

ज्यांनी कधी आयब्रो केल्या नाहीत त्यांच्यासाठी, म्हणजे बहुतांश पुरुषवर्गासाठी, थोडं सांगायला हवं. दोऱ्याचं एक टोक करणारीच्या दातात, उरलेला दोरा तिच्या दोन्ही हातांच्या बोटांत आणि मधे सहा-सात पीळ. बोटं उघडली-मिटली की पीळ पुढेमागे सरकतो आणि त्यात अडकलेला केस मुळासकट निघतो. गिऱ्हाइकाने एका हाताने कपाळाची कातडी वर आणि दुसऱ्या हाताने पापणी खाली ताणून धरायची. कातडी सैल पडली की दोरा केस सोडून कातडीच धरतो. थोडक्यात, एकीच्या दातात दोरा, दुसरीचे दोन्ही हात गुंतलेले आणि डोळे मिटलेले. अशा वेळी मोकळेपणी मत मांडायची सोय फक्त तिसऱ्या माणसाला असते.

ते तिसरं माणूस सोफ्यावर बसलं होतं. काकू. डोक्याला मेंदी, त्यावर साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, ओघळ कानात जाऊ नयेत म्हणून कडेने कापसाची वळकटी. मेंदी रात्रभर लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवलेली होती आणि आता दोन तास ठेवायची होती, हे त्यांनी न विचारताच सांगितलं. दोन तास म्हणजे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चार मालिका. त्या पूर्ण तयारीने आल्या होत्या.

पडद्यावर नायिकेला नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात बिल सापडलं. (घरात वॉशिंग मशीन आहे, दोन गडीमाणसं आहेत, पण खिसे नायिकाच तपासते.) दोन कॉफी, एक पेस्ट्री. कॅमेरा बिलावर, मग तिच्यावर, मग मंगळसूत्रावर, पुन्हा बिलावर. ढोल वाजले. तिने बिलाची घडी करून ते डाळीच्या डब्यात लपवलं आणि नवऱ्याला विचारलं, "चहा टाकू?"

"विचारायची नाही ती," काकू म्हणाल्या. "कोकणातली आहे. कोकणातली माणसं मनात ठेवतात."

"शांगलीची दाखवलीय ना?" पार्लरवाली दातातला दोरा न सोडता म्हणाली.

"मग आई कोकणातली असणार. नुसती सांगलीची असती तर एव्हाना ते बिल सासूच्या पानात वाढलं असतं."

"आणि नागपूरची असती तर?"

"आधी त्याला पोटभर जेवू घातलं असतं. जेवण झाल्यावर विचारलं असतं."

"पुण्याची?"

काकूंनी पिशवी सारखी केली. "पेस्ट्री एक आणि माणसं दोन, हे तिला सगळ्यात आधी खटकलं असतं."

मुंबईच्या बाईने काय केलं असतं तेही पार्लरवालीने विचारलं. त्यावर काकू म्हणाल्या, "मुंबईचं कुणी नसतं गं. खोदलं की कुठलं तरी गाव निघतंच." हे त्यांनी अशा ठाण्यात बसून सांगितलं जिथे अख्ख्या इमारतीत मूळचा ठाणेकर शोधायला लिफ्टने सगळे मजले फिरावे लागतात. पण सिद्धांत पक्का होता. माणूस काय करेल हे त्याच्या माहेरावरून ठरतं आणि माहेर काय होतं हे त्याने जे केलं त्यावरून ठरतं. या गोलात शिरायला फट नाही.

मग ऑफिसातली ती पडद्यावर आली. बिनबाह्यांचा ब्लाउज, मोकळे केस आणि वर गेलेली एक भुवई. ही भुवई लक्षात ठेवा.

"हिला माहेरच नाही," काकू म्हणाल्या. "एकदा तरी आई दाखवलीय हिची? वडील परदेशात, पोरगी होस्टेलात. होस्टेलात वाढलेल्यांना दुसऱ्याच्या ताटातलं खायची सवय असते."

मी स्वतः चार वर्षं होस्टेलात होते आणि तिथे स्वतःच्या ताटातलंसुद्धा खाववत नसे, हे सांगायला मला तोंड उघडायचं होतं. पण कातडी ताणलेली असताना तोंड उघडलं की कपाळ हलतं. गप्प बसले. तोवर डावी भुवई झाली आणि ती उत्तम झाली, हे मान्य करते.

माझं डोकं फिरवणारी गोष्ट वेगळीच होती. गेली पंचवीस वर्षं मी या प्रकारच्या मालिका बघतेय आणि त्यांच्यावरच्या चर्चा त्याहून जास्त ऐकतेय. बायको कुठली, तिच्या आईने तिला काय शिकवलं, शिक्षण किती, पहिलं लग्न मोडलेलं का, ही सगळी चौकशी दोन्ही बायकांची होते. ज्याच्या खिशात बिल निघालं त्याचं गाव कुणी विचारत नाही. तो होस्टेलात होता का, त्याच्या आईने त्याला ताटाबद्दल काय शिकवलं, काही नाही. पुरुषाला मालिकेत गाव नसतं, नुसतं ऑफिस असतं. त्या ऑफिसात काय काम चालतं तेही माहीत नसतं. फाइल उघडतात, "टेंडर" म्हणतात, फाइल मिटतात. 1999 साली 'आभाळमाये'तली सुधा जोशी शिकलेली होती, कमावती होती, तरी तिच्या वाट्याला तेच आलं, नवऱ्याची दुसरी बाई. 2016 मधल्या 'माझ्या नवऱ्याची बायको'तली राधिका नागपूरकडची होती, तिच्याही वाट्याला तेच. तिने पुढे मसाल्यांचा धंदा उभा केला. माहेरं दोन्ही वेगळी आणि नवरे मात्र एकाच साच्यातले, मग बिघाड कुठल्या बाजूला आहे हे कळायला कढईभर मेंदी लागत नाही.

उजवीला सुरुवात करण्यापूर्वी पार्लरवाली पावडर लावायला थांबली, तेव्हा मला अर्धा मिनिट मिळाला. मी म्हटलं, "काकू, ती विचारत नाही याचं कारण कोकण नाही. गुरुवार आहे."

"उपास?"

उपास नव्हे. बार्क नावाची टीव्हीचे प्रेक्षक मोजणारी संस्था आहे, ती दर गुरुवारी आदल्या आठवड्याचे आकडे देते. देशभरात पन्नास हजारांहून जास्त घरांत तिचे मीटर बसवलेत. त्या घरांत प्रत्येक माणसाला वेगळं बटण असतं आणि टीव्हीसमोर बसल्यावर आपापलं बटण दाबायचं असतं, म्हणजे कोण बघतंय ते नोंदलं जातं. डब्यातल्या बिलाला आकडे चांगले आले तर ते बिल महिनाभर डब्यातच राहतं. तिने मंगळवारी विचारलं तर बुधवारी दाखवायला काय उरणार? शिवाय वेळेचं गणित. नियमाप्रमाणे तासाला बारा मिनिटं जाहिराती, त्यातली दहा धंद्याची आणि दोन वाहिनीच्या स्वतःच्या. म्हणजे अर्ध्या तासातली सहा मिनिटं गेली. मग शीर्षकगीत, आदल्या दिवशीचं थोडं, उद्याचं थोडं, तीन वेळा झूम. उरलेली वीस मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस. एवढी जागा भरायची तर माणसांना एकमेकांशी सरळ बोलून चालणार नाही.

आणि नवरा अधूनमधून "मीटिंगसाठी दिल्लीला" जातो, ते तरी कशाला? पुष्कळदा त्या नटाचा ठाण्यातल्याच गडकरी नाहीतर घाणेकर नाट्यगृहात प्रयोग असतो. काकू ज्याला बाहेरख्याली म्हणत होत्या तो माणूस तेव्हा कदाचित इथेच तलावपाळीवर, गडकरीत मेकअप उतरवत असेल. 2021 च्या एप्रिलमध्ये राज्यात चित्रीकरण बंद झालं, तेव्हा तर कित्येक मालिकांनी बिऱ्हाड गोव्याला, दमणला, सिल्वासाला हलवलं. पडद्यावरच्या घराच्या भिंती रातोरात बदलल्या.

"तेव्हा बदलल्या त्या?" काकू म्हणाल्या. "मला वाटलं वास्तुदोष निघाला."

मग मी हुकमाचा पत्ता काढला. 'आई कुठे काय करते' मधली अरुंधती. काकू हात जोडायच्याच बाकी होत्या. म्हटलं, तिचं माहेर कोकणही नाही आणि देशही नाही, तिचं माहेर बंगाल. 2019 साली आधी बंगालीत 'श्रीमोयी' आली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिची मराठी अरुंधती झाली आणि 2020 मध्ये हिंदीत अनुपमा. शिवाय तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नड. बाई तीच, घरासाठी राबणारी, नवरा तोच, ऑफिसातली ती तीच. मराठीत ती गाते, हिंदीत नाचते, तमिळमध्ये स्वयंपाकाचा धंदा काढते, एवढाच काय तो फरक. आता सांगा, तिचं सोसणं कुठल्या जिल्ह्याचं?

काकू बराच वेळ गप्प होत्या. पिशवीखालून मेंदीचा एक ओघळ निघून कापसात मुरला. मला वाटलं, जिंकले.

"तरीच," त्या म्हणाल्या. "ती वरण ढवळायची तेव्हा हात परका वाटायचा."

यावर माणूस काय बोलणार. पार्लरवालीने दोरा पुन्हा दातात धरला आणि उजवी सुरू केली. पडद्यावर ती आणि तो कॅबिनमध्ये. काकू पुन्हा होस्टेलवर आल्या. पार्लरवालीने दोरा ओढत ओढत "घर फोडणारी" असं काहीतरी म्हटलं. आणि मी चूक केली. म्हटलं, "अहो, तिचं लग्न झालेलं नाहीये, त्याचं झालंय. सप्तपदी त्याने मोडली, तिने नाही." एवढंच म्हणून थांबायला हवं होतं. पण मुद्दा ठसवायला कपाळावरचा हात उचलून मी पडद्याकडे बोट केलं.

कातडी सैल पडली. दोरा जायचा तिथे गेला.

आता शास्त्र सांगते. भुवई नाकपुडीच्या सरळ रेषेत सुरू व्हावी, कमान साधारण दोन तृतीयांशावर यावी आणि नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून तिरकी रेघ काढली की तिच्यावर शेपूट संपावी. आकार मुख्यतः खालच्या बाजूने काढतात. नेमकं कमानीखालचं जास्त गेलं की उरलेली भुवई वर चढल्यासारखी दिसते, आणि एकच चढली की चेहऱ्यावर कायमचा संशय बसतो. आरसा समोर धरला तेव्हा त्यात ऑफिसातली ती होती.

"तुम्ही हात सोडलात ना," पार्लरवाली म्हणाली.

हात मी सोडला, हे खरं. पण हात सोडला तर दोरा थांबवता येतो, हेही खरं, आणि नेमक्या त्याच वाक्याला तो का थांबला नाही याचा विचार मी अजून करतेय. ती म्हणाली, "डावी पण तेवढीच करते, मग सेम होईल." दोन मांजरांचं लोणी वाटणाऱ्या माकडाची गोष्ट ज्याने लिहिली तो नक्की पार्लरला जात असणार. मी नको म्हटलं. तिने कोरफडीची जेल लावली, "सूज उतरली की कळणार पण नाही" म्हणाली आणि साठ रुपये घेतले. पूर्ण साठ. एका भुवईचे तीस धरले तरी हिशेब चुकतो, कारण दुसरीचे तिनेच मला द्यायला हवे होते.

मी पर्स उचलली तेव्हा काकू माझ्या कपाळाकडे निरखून बघत होत्या.

"माहेर कुठलं गं तुझं?"

"डोंबिवली."

"हं," काकू म्हणाल्या.

मी आजवर बरेच हं ऐकलेत. लग्नाच्या बैठकीतला ऐकलाय, बँकेच्या खिडकीतलाही ऐकलाय. पण या एका हं मध्ये सगळं होतं. सकाळची फास्ट लोकल, खड्डे, माझी आई, तिने मला दिलेलं किंवा द्यायचं राहिलेलं वळण, आणि परक्या बायकांची बाजू घेण्याची त्यातून लागलेली खोड. डोंबिवली ठाण्यापासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. काकूंनी तिला तेवढ्यात सिल्वासाच्या पलीकडे नेऊन ठेवलं. जिने उतरताना मागून ऐकू आलं, "तरी म्हटलं, एवढं कशाला लागतंय हिला."

खुंट वर यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि आकार पुरता भरायला त्याहून जास्त. तोवर खालून पेन्सिलने रेघ मारायची. काळी नव्हे, गडद तपकिरी, नाहीतर भुवई चिकटवल्यासारखी दिसते. रेघ सकाळी बरी असते. दुपारी घामाने ती पापणीवर उतरते आणि भुवई पुन्हा आपल्या जागी, एक सूत वर.

घरी कुणाला काही कळलं नाही. म्हणजे भुवई कळली नाही. नवऱ्याला एवढंच वाटतंय की मी चार दिवस त्याच्याकडे काहीतरी माहीत असल्यासारखी बघतेय. परवा उशिरा आला तेव्हा मी काही विचारायच्या आत त्याने घोडबंदर रस्त्यावर गायमुखला ट्रेलर बंद पडल्याचं सांगितलं, वर फोटोही दाखवला. काल शर्ट धुवायला टाकण्याआधी त्याने स्वतःहून खिसे उलटे केले. अकरा रुपये सुटे निघाले आणि तेलकट कागदाचा एक तुकडा.

"वडापाव एकच होता," असं तो दोनदा म्हणाला.