“एक ओळ वर-खाली करायचे अडीच हजार”: आमचं उत्तर

नमस्कार ताई, तुमच्या सोसायटीच्या दिवाळीच्या लायटिंगबद्दल तुम्ही आम्हाला दोन तारे देऊन लिहिलेल्या अभिप्रायाला हे उत्तर.

वसुबारसेला सोसायटीतली सगळी मंडळी खाली जमलेली असताना आकाशकंदील गाण्याच्या मध्येच विझत होता. चूक आमची, माफ करा. शेवटच्या चार विजेच्या पणत्या पांढऱ्याऐवजी लालसर दिसत होत्या, तेही खरं. सप्लाय एकाच टोकाने दिला होता आणि लांबच्या टोकाला व्होल्टेज पडत होतं. धनत्रयोदशीला दुसऱ्या टोकाकडूनही वायर ओढली, तेव्हा रंग जागेवर आला.

पण “लॅपटॉपवर एक ओळ वर-खाली करायचे अडीच हजार घेतले, ही लूट आहे” हे वाचून फार लागलं. तुमचा अभिप्राय वाचून दोन सोसायट्यांनी फोन करून हेच विचारलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही एक्सलाइट्सवर, म्हणजे गाण्याच्या तालावर दिवे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, प्रोग्रामिंग करतो. त्यात प्रत्येक वस्तूची एक ओळ असते: पूर्ण इमारत, कठड्याच्या माळा, कमान, पणत्या, कंदील. सॉफ्टवेअर ही यादी वरून खाली वाचत जातं आणि खालची ओळ वरच्या ओळीला पुसते. तुमच्याशी आधी ठरलं होतं की इमारतीवरून सरकत जाणारी सोनेरी प्रकाशाची लाट कंदिलावरूनही जावी. म्हणून “पूर्ण इमारत” ही ओळ मुद्दाम कंदिलाच्या खाली ठेवली होती. ट्रायल बघून वसुबारसेला दुपारी 4 वाजता निरोप आला की कंदील लाटेत झाकला जाऊ नये, तो उठून दिसला पाहिजे. शो 7 चा.

कंदिलाची ओळ खाली ओढायला दोन सेकंद लागतात, हे तुमचं बरोबर आहे. पण कंदिलावर आधीपासून लुकलुकण्याचा इफेक्ट टाकलेला होता. लाट आली की तो झाकला जायचा, त्यामुळे कधी आड आला नव्हता. कंदील खाली गेल्यावर तोच लाटेला पुसायला लागला. लुकलुकण्यात एका वेळी अर्ध्याहून जास्त दिवे काळे असतात, आणि आमच्या सेटिंगमध्ये खालच्या ओळीतला काळाही वरचा सोनेरी पुसतो. सगळी इमारत सोनेरी आणि मध्ये कंदील काळा, असं त्यामुळे दिसलं. संपूर्ण गाणं न बघता फाइल मेमरी कार्डावर टाकली, ही आमची घाई. तेव्हाच “आज नको, उद्या करतो” म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या एका कंपनीच्या माणसाने तुम्हाला सांगितलं म्हणे, की वस्तूंचं ब्लेंडिंग चालू केलं की झालं. तसं केलं तर सगळ्याच ओळींमधला काळा पारदर्शक होतो. दुसऱ्या गाण्यात अंधारात एकेक पणती लागते ना, तिथला अंधार आम्ही मुद्दाम ठेवलेला आहे. तो पारदर्शक झाला असता तर मागची लाट पणत्यांवर दिसली असती.

म्हणून लाटेची वेगळी प्रत कंदिलाच्याच ओळीत, लुकलुकण्याच्या खालच्या थरात टाकली. एका ओळीच्या आतल्या थरांचा नियम नेमका उलटा आहे, तिथे वरचा थर पुढे दिसतो आणि त्याच्या काळ्यातून खालचा डोकावतो. याच उलट्या नियमात नवीन मुलं हमखास फसतात. पुन्हा प्रत नुसती चिकटवून भागत नाही. इमारत 20 मीटर, लाट ती 4 सेकंदांत पार करते. कंदील दीड मीटरचा, म्हणजे त्याच्या वाट्याला 0.3 सेकंद, आमची एक फ्रेम (दिव्यांचं एक चित्र) 25 मिलिसेकंदांची, त्या हिशेबाने 12 फ्रेम. मूळ 4 सेकंद तसेच ठेवले तर बाजूच्या माळांवरून लाट पुढे निघून जाते आणि कंदिलावरची मागे रेंगाळते. प्रत्येक ठिकाणी सुरुवात आणि लांबी हाताने जुळवावी लागते. तीन गाण्यांत मिळून अशी 34 ठिकाणं निघाली. त्यानंतर रेंडर, म्हणजे बदलांसकट नवीन फाइल तयार करणं, ती कार्डावर टाकणं, आणि रात्री अकरानंतर आवाज बंद ठेवून पूर्ण शो बघणं.

पैसे या कामाचे घेतले. कंदील विझण्याच्या दुरुस्तीचा वेगळा एक रुपयाही लावलेला नाही. अडीच हजारांचा आकडा त्या 4 वाजताच्या फोनवरच सांगितला होता आणि “करून टाका” असं उत्तर मिळालं होतं. ते तुमच्यापर्यंत पोचलं नसेल, तर त्याचं वाईट वाटतं.

पुढच्या वेळी कोणती वस्तू कोणाच्या पुढे दिसणार हे आधीच नीट बोलून घेऊ, आणि शेवटच्या दिवशीच्या बदलांचंही काहीतरी ठरवू. तुळशीच्या लग्नापर्यंत लायटिंग आहेच. कुठल्याही संध्याकाळी 7 ला कमानीपाशी उभं राहून पहिलं गाणं बघा, लाट माळांवरून कंदिलावर आणि पुढे सलग जाते. ते बघून दोन ताऱ्यांचा पुन्हा विचार केलात तर आभारी राहीन.