डोकं मागे गेलं म्हणून गोळी समोरून?

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या खुनाची ती क्लिप दरवर्षी फिरायला लागते. डॅलस, २२ नोव्हेंबर १९६३, उघडी मोटार, गुलाबी पोशाखातल्या त्यांच्या पत्नी जॅकी आणि तो एक भयंकर क्षण. यंदा ती आमच्या शाळेच्या ग्रुपवर आली. खाली मित्राने लिहिलेलं: "डोकं मागे आणि डावीकडे गेलं. म्हणजे गोळी समोरून आली. आठवीतल्या पोरालाही कळेल. तू फिजिक्सचा मास्तर ना, बोल आता."

बोलतो. ग्रुपवर मावणार नाही म्हणून इथे.

आधी हिंदी सिनेमा डोक्यातून काढा. गोळी लागली की माणूस काच फोडून दहा फूट मागे जातो, हे फक्त स्टंटमनच्या दोरीने होतं. गोळीला जेवढा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) मिळतो, निदान तेवढाच उलट्या दिशेने बंदुकीला आणि तिथून चालवणाऱ्याच्या खांद्याला मिळतो. गोळीने समोरचा उडणार असेल तर चालवणाराही उडायला हवा. एनसीसीत आम्ही पॉइंट टू-टू झाडली तेव्हा कुणी उडालं नाही. मोठ्या रायफलीने खांदा ठणकतो, एवढंच.

आता आकडे. खुनी म्हणून पकडलेल्या ली हार्वे ऑस्वाल्डची म्हणून दाखवली गेलेली रायफल इटालियन कार्कानो, ६.५ मिलिमीटरची. गोळी साधारण १०.४ ग्रॅमची. तो जिथून गोळ्या झाडत होता असं म्हणतात, त्या मोटारीच्या मागच्या टेक्सास स्कूल बुक डिपॉझिटरी या इमारतीच्या सहाव्या मजल्यापासून मोटार त्या क्षणी ८० मीटरच्या आसपास होती, तिथे पोचताना गोळीचा वेग सेकंदाला ५५० मीटर धरू. संवेग झाला ५.७ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. सबंध माणसाला तो दिला तर वेग येतो सेकंदाला सात-आठ सेंटीमीटर. मुंगीची चाल म्हणा. सगळा फक्त डोक्याला दिला, म्हणजे साडेचार किलोला, तर सव्वा मीटर.

ती क्लिप म्हणजे झाप्रुडर नावाच्या बघ्याने घेतलेली फिल्म, सेकंदाला १८.३ चौकटी या गतीने चालते. ३१२ आणि ३१३ या दोन चौकटींमध्ये डोकं आधी *पुढे* जातं, सुमारे दोन इंच. सेकंदाचा अठरावा भाग आणि पाच सेंटीमीटर, म्हणजे सेकंदाला ९० सेंटीमीटरच्या आसपास. वरच्या हिशेबात बसतं. (हे पुढे जाणं कॅमेरा हलल्यामुळे नुसतं तसं दिसतं, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही.) मागे जाणं सुरू होतं ते त्यानंतर. रील बनवणारे नेमकी ३१३च्या पुढून क्लिप कापतात.

मग मागे का गेलं? लुई अल्वारेझ नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाला हा प्रश्न पडला. १९६८चं नोबेल मिळवलेला माणूस. डायनासोर लघुग्रहाच्या धडकेने संपले हे पुढे मुलाबरोबर मांडणारा तोच. त्याचं उत्तर असं: गोळीत संवेग कमी, पण ऊर्जा भरपूर. आपल्या गोळीची गतिज ऊर्जा दीड हजार ज्यूलच्या वर भरते. तिच्यातली दहा टक्केच पुढे उडालेल्या २०० ग्रॅम ऐवजाला मिळाली आणि तो सगळा एकाच दिशेने गेला असं धरा. त्याचा संवेग येतो जवळजवळ ८. गोळीने आणले होते ५.७. उरलेला हिशेब डोक्याने मागे जाऊनच पुरा करावा लागतो. कवटीच्या पुढच्या-उजव्या बाजूने उडालेला तो फवारा म्हणजे रॉकेटचा झोत झाला.

अल्वारेझ आणि सहकाऱ्यांनी चिकटपट्टीत गुंडाळलेल्या खरबुजांवर गोळ्या झाडल्या. खरबुजं बंदुकीच्या दिशेने आली. १९७६ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये लेख छापून आला. मीही कित्येक वर्षं वर्गात हे खरबूज मोठ्या ऐटीत सांगायचो.

मग बऱ्याच उशिरा वाचनात आलं की त्या प्रयोगांत नारळ वगैरे इतर वस्तूंवरही गोळ्या झाडल्या होत्या, त्या मात्र गोळीच्याच दिशेने गेल्या, आणि लेखात त्यांचा उल्लेख नाही. शिवाय गोळ्या शिकारीच्या, मऊ टोकाच्या आणि कार्कानोपेक्षा वेगवान. मला मनापासून राग आला. झोताचं गणित खोटं ठरत नाही, पण कवटी खरबुजासारखी की नारळासारखी, हाच तर मुद्दा होता! तो वाचकापुढे ठेवायला नको? पोरांनी जर्नलमध्ये नको असलेलं रीडिंग खोडलं की मी सबमिशन परत करतो.

दुसरं स्पष्टीकरण मज्जासंस्थेचं: मेंदू उद्ध्वस्त होताना शरीराचे सगळे स्नायू एकदम ताठरतात आणि पाठीचे बलवान स्नायू धड मागे खेचतात. मला वाटतं दोन्ही थोडं थोडं असावं. एक नक्की, धड ज्या जोराने मागे जातं तेवढा संवेग समोरून येणाऱ्या एका रायफलीच्या गोळीतही नसतो. त्यामुळे मित्राचा पुरावा त्याच्याच कामाचा नाही. कवटीच्या मागचं छिद्र आतल्या बाजूला पसरट होत गेलेलं होतं, काचेवर छर्रा बसल्यावर पलीकडे कपची उडते तसं. दिशा ओळखायला मी त्यावर जास्त विसंबेन.

'जादूच्या गोळी'बद्दल थोडक्यात. एकच गोळी केनेडींच्या आरपार जाऊन पुढच्या सीटवरच्या टेक्सासच्या गव्हर्नर कॉनलींनाही लागली, हा एकगोळी सिद्धांत; टीकाकार तिला 'जादूची गोळी' म्हणतात. कॉनली केनेडींच्या अगदी समोर बसले होते असं धरून काढलेली ती वाकडीतिकडी चित्रं चुकीची आहेत. त्यांची सीट खाली आणि थोडी आतल्या बाजूला होती. रेघ सरळ येते. ती गोळी दवाखान्यातल्या स्ट्रेचरवर इतकी धडधाकट कशी सापडली, हे मात्र मलाही खुपतं. अमेरिकी संसदेच्या १९७८च्या चौकशीतल्या नऊ न्यायवैद्यक तज्ज्ञांपैकी सिरिल वेख्ट यांना एकगोळी सिद्धांत शेवटपर्यंत पटला नव्हता.

संशयच घ्यायचा तर जागा भरपूर आहेत. खुनाची पहिली सरकारी चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाने छापलेल्या खंडात ३१४ आणि ३१५ या चौकटींची अदलाबदल झाली, त्यामुळे डोकं पुढे जातंय असं वाटतं. छपाईची चूक, असा खुलासा एफबीआयचे प्रमुख हूवर यांनी केला. ठीक, पण चूक व्हायला नेमक्या याच चौकटी? शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. ह्यूम्स यांनी मूळ टिपणं घरी जाळली. ऑस्वाल्डने खुनाआधी एफबीआयच्या डॅलस कचेरीत दिलेली चिठ्ठी, त्याला जॅक रुबी नावाच्या नाइटक्लबवाल्याने मारल्यावर, फाडून संडासात टाकली गेली. आणि क्यूबाच्या कॅस्ट्रोला मारायचे सीआयएचे बेत आयोगाला कळूच दिले नाहीत, जेव्हा त्याच सीआयएचे माजी प्रमुख ॲलन डलेस आयोगावर सदस्य म्हणून बसले होते!

हे सगळं मित्राला पाठवलं. त्याचं उत्तर: "म्हणजे ऑस्वाल्डनेच मारलं?"

मी लिहिलं, "गोळी मागून आली एवढंच म्हणालो. त्याला कुणी पाठवलं होतं का, ते न्यूटनला विचारू नकोस."

त्यावर त्याने चंद्रावर फडफडणाऱ्या झेंड्याचा व्हिडिओ टाकलाय. तो पुढच्या रविवारी घेऊ.