‘श्यामची आई’मध्ये इंग्रज नाही म्हणे!

आमच्या शाळेच्या जुन्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरून आला. तुमच्याकडंपण आला असेल. ‘श्यामची आई’ पोरांच्या हातात देऊ नका, कारणं चार : पुस्तक पारतंत्र्यातलं असून त्यात इंग्रज कुठंच नाही, नुसतं रडगाणं आहे, शिवाशिव शिकवतं, आणि साने गुरुजींनी सरकारला घाबरून असलं गुळमुळीत लिहिलं. खाली अंगठ्यांची रांग. ग्रुपवर एवढं लांबलचक कोण वाचतंय, म्हणून इथं लिहितोय.

इंग्रजाचं आधी घेतो, कारण त्यात आम्हा सोलापूरकरांची जरा गोची आहे. आम्हाला लहानपणापासून इंग्रज म्हणजे मे १९३०, गोळीबार, मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर चढवलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे. चार हुतात्मा पुतळ्यापाशी रोज रिक्षा पकडणाऱ्या माणसाला इंग्रज म्हणलं की बंदूकच आठवणार. पण कोकणातल्या पालगडात वाढणाऱ्या पोराला गोरा साहेब दिसणार कुठनं? गुरुजींचा जन्म १८९९ चा, आई गेली १९१७ ला, पुस्तकातलं बालपण या मधल्या वर्षांतलं. तिथं सरकार येतं ते कागदावरनं. श्यामचं घराणं खोताचं, खोत म्हणजे गावाचा शेतसारा गोळा करून सरकारात भरणारा. हे पुस्तकातच सांगितलंय, लपवलेलं नाही. म्हणजे आधी हे घर सरकारचा वसूल करत होतं आणि पुढं त्याच घरावर सरकारी कोर्टाची जप्ती येते. यापेक्षा राज्य अजून कसं दाखवायचं असतं?

‘अब्रूचे धिंडवडे’ नावाचं प्रकरण आहे ते मेसेज लिहिणाऱ्यानं वाचलेलं दिसत नाही. सावकाराचा दावा, कोर्टाचा निकाल, आणि मग गावात घराच्या जप्तीची दवंडी. ती ऐकून शाळेतली पोरं श्यामच्या धाकट्या भावाला ढुम ढुम करून चिडवतात. इंग्रज हा शब्द नाही तिथं, कबूल.

मी सातवीत असताना हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण त्याच वर्षी आमच्या साखर पेठेतल्या घरी ग्रुप लोनचा वसुलीवाला येऊन कट्ट्यावर बसायचा. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि तो तिच्यापुढं मुद्दाम मोठ्यानं बोलायचा, समोरच्या घरातली टीव्हीचा आवाज कमी करायची म्हणजे नीट ऐकू यावं. तो उठेपर्यंत आई मान वर करायची नाही, फक्त हात चालू, आणि त्या दिवशी मोजताना छाट, म्हणजे नापास विड्या, जास्त निघायची. दुसऱ्या दिवशी वर्गात एकानं विचारलं, हप्त्यावाला गेला का रे? ढुम ढुमच ते, दुसरं काय.

आणि हे फक्त एका घराचं दुःख नव्हतं. सावकार आधीपण होते, पण इंग्रजी अमलात रोख्याच्या जोरावर दिवाणी कोर्टातनं हुकूमनामा काढून शेत-घर लिलावात काढणं लई सोपं झालं, त्यात सारा रोखीत भरायचा म्हणजे पीक बुडालं की परत सावकाराचंच दार. १८७५ ला पुणे आणि नगरकडं शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले ते उगाच नाही. त्यानंतर १८७९ ला सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला, सुरुवातीला तो चारच जिल्ह्यांना होता : पुणे, नगर, सातारा आणि आपलं सोलापूर. पुढं १९३८ ला बाबासाहेबांनी खोतीविरुद्ध मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा काढला, आणि खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर. खोताच्या हाताखालच्या कुळाचं काय होत होतं ते या पुस्तकात फारसं येत नाही. तक्रार करायचीच तर ही करा ना, मी पण सही करतो.

रडगाणं म्हणणाऱ्यांनी बहुतेक अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा आठवून लिहिलंय. रडू पुस्तकातपण आहे, भरपूर आहे, काही ठिकाणी मलाही जास्त होतं. पण पोहण्याचं प्रकरण काढा. श्याम विहिरीत उडी मारायला भितो, माळ्यावर लपतो, आई शोधून काढते आणि शिंपटीनं फोडते, कारण पोराला कुणी भित्रा म्हणलेलं तिला खपत नाही. ही काय रडूबाई आहे का बे?

शिवाशिवीचा मुद्दा अर्धा खरा आहे. एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी पडलेली असते, कुणी हात लावत नाही, आई श्यामला म्हणते जा, तिला उचलून दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. आज ते आंघोळीचं वाक्य टोचतं, टोचायलाच पाहिजे, पोरांना वाचून दाखवताना तिथं थांबून बोलायला पाहिजे. पण ते वाक्य गाळून आईला क्रांतिकारक करणं गुरुजींना सहज जमलं असतं. केलं नाही. आणि ज्या पोराला आंघोळ करायला सांगितली तोच मोठा होऊन मे १९४७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसला. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना उघडा म्हणून. उघडलं. आता बोला.

राहिलं घाबरण्याचं. अहो, हे पुस्तक लिहिलंच नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, पाच दिवसांत बहुतेक सगळं. त्याच्या आदल्या वर्षी हाच माणूस धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं उतरवून घेत होता. १९३० ला अमळनेरची मास्तरकी सोडली ती सत्याग्रहासाठी. ‘बलसागर भारत होवो’ ज्यात आहे त्या ‘पत्री’ कवितासंग्रहाच्या प्रती सरकारनं जप्त केल्या. घाबरलेला माणूस इतक्यांदा आत जातो होय?

मेसेज टाकणाऱ्या मित्राला विचारलं, पुस्तक वाचलंयस का. म्हणला शाळेत धडा होता. म्हणलं माझी प्रत देतो, पण थोडं थांबावं लागेल. ती सध्या आईकडं आहे, दुपारी विड्या वळताना शेजारची पोरगी तिला वाचून दाखवते. परवा दवंडीपर्यंत आल्या होत्या. आईनं हात थांबवून एवढंच विचारलं, “व्याज काय दरानं होतं गं त्यांचं?”