आधी होकार की आधी अर्ज?

पीएचडीसाठी अर्ज करण्यापूर्वी संभाव्य मार्गदर्शकाशी संपर्क साधावा, असे अनेक परदेशी विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर ठळक लिहिलेले असते. म्हणून मी म्हापशातल्या घरी, ऐन चतुर्थीत गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची सोडून, त्या प्राध्यापकांचे तीन शोधनिबंध वाचतो, विचारपूर्वक ईमेल लिहितो, आणि उत्तर येते एका ओळीचे: आधी अर्ज करा, मग पाहू. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातलीच ही गत. (हे उत्तर देणारे त्यातल्या त्यात सज्जन, बाकीचे उत्तरच देत नाहीत.)

जर्मनीत अनेक ठिकाणी मार्गदर्शकाचा होकार आधी लागतो, तर अमेरिकेतल्या अनेक विभागांत निवड समितीच करते, हे मला मान्य आहे. परंतु आपल्या विभागात यातली कोणती रीत चालते आणि यंदा नवा विद्यार्थी घेणार की नाही, एवढे प्राध्यापकांनी स्वतःच्या पानावर दोन ओळींत लिहायला काय हरकत आहे? अमेरिकेतल्या अर्जांची मुदत बहुधा डिसेंबरात संपते, शुल्क डॉलरमध्ये भरावे लागते आणि ते सहसा परत मिळत नाही. आई मात्र रोज विचारते, “त्या सरांनी काही कळवलं काय रे?” आठवणीचे दुसरे पत्र पाठवावे, तर तो म्हणे आगाऊपणा ठरतो.